'आर्थिक शिस्त' कार्यशाळेच्या मार्गदर्शकपदातून मुक्त करण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
जिल्हा साठा पडताळणी कार्यालय,
सात रस्ता, सोलापूर.

अर्जदार : प्रभुलिंग शंकरप्पा बिराजदार, वरिष्ठ लिपिक.

विषय : 'आर्थिक शिस्त' कार्यशाळेत मार्गदर्शक म्हणून झालेली नेमणूक रद्द करण्याबाबत.
संदर्भ : आपला कार्यालयीन आदेश, दि. ९ जून २०२५.

महोदय,

क्रेडिट कार्डाच्या कर्जातून बाहेर पडलेला या कार्यालयातील एकमेव कर्मचारी म्हणून उपरोक्त आदेशान्वये अर्जदाराची नेमणूक झाली. सतरा वर्षांच्या सेवेत गुणवत्तेवर झालेली ही त्याची पहिलीच निवड असल्याने तो आपला ऋणी आहे. 'ऋणी' हा शब्द शिष्टाचारापुरताच घ्यावा.

तथापि ही गुणवत्ता कशी प्राप्त झाली, हे अभिलेखावर असावे. चार वर्षांपूर्वी याच कार्यालयाच्या जिन्याखाली एका बँकेने टेबल मांडले होते. "काका, वापरलंच पाहिजे असं नाही, नुसतं खिशात ठेवा," असे टेबलामागच्या मुलीने सांगितले. अर्जदाराने सात दिवस नुसते खिशात ठेवले. आठव्या दिवशी घरी मोठा टीव्ही आला आणि त्यापाठोपाठ चालण्याचे यंत्र. त्यावर अर्जदार एकूण तीन वेळा चालला. तेव्हापासून त्यावर चादरी वाळतात, आणि उत्तम वाळतात.

दरमहा बिलावर 'किमान देय रक्कम' ठळक छापलेली असे. बँकेलाच एवढे पुरते तर आपण जास्तीचा आग्रह कशाला धरावा, अशा उदार विचाराने अर्जदार दीड वर्ष तेवढेच भरत राहिला. मुद्दल तसूभर हलले नाही. मग ते फेडण्यासाठी त्याने दुसरे कार्ड काढले. आगीतून उठून फुफाट्यात पडण्यास पहिल्या वर्षी शुल्क माफ होते.

पुढील घटनेस आपण स्वतः साक्षीदार आहात. वसुलीवाल्याचा फोन आपल्या टेबलावर आला आणि अर्जदार समजून त्याने आपल्यालाच पाच मिनिटे झापले. आपण अर्जदारास ताकीदपत्र दिले, ते योग्यच झाले. ते झापून घेणे अर्जदाराच्या कर्तव्यसूचीत होते.

त्या संध्याकाळी अर्जदाराने पत्नी सौ. वैजयंती यांना सर्व सांगितले. त्या मंद्रूप गावच्या. आरडाओरडा न करता त्यांनी बिले मागून घेतली आणि म्हणाल्या, "चोरी तर न्हाय केली की तुमी. मग मला का न्हाय सांगितलं?" वसुलीवाल्याच्या कोणत्याही शब्दाने अर्जदारास इतके लागले नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्या त्याला घेऊन बँकेत गेल्या, दोन्ही कार्डे बंद करायला लावली आणि थकबाकीचे हप्ते बांधून घेतले. टीव्ही गेला, मोटारसायकल गेली. यंत्रास गिऱ्हाईक मिळाले नाही. वैजयंती यांनी शेंगाचटणी कुटून विकली, अर्जदार वीस महिने पायी कार्यालयात आला, आणि गेल्या फेब्रुवारीत शेवटचा हप्ता फिटला.

एवढेच अर्जदाराचे अर्थशास्त्र. शिवाय आदेशाच्या शेवटच्या ओळीनुसार कार्यशाळेचा चहा, फाइली व फलक एका बँकेकडून असून दाराशी तिचे कार्डवाटपाचे टेबल असेल. दारूबंदीच्या सभेला गुत्तेवाल्याने मांडव घालावा, अशी ही सोय आहे. सबब अर्जदारास मुक्त करावे.

येथवर अर्ज लिहून झाला असता शिपाई येडू माने आले. त्यांच्या निवृत्तीस दोन वर्षे उरली आहेत. हाती त्याच बँकेचा कार्डासाठीचा फॉर्म होता. "भाऊसाहेब, सायबांनी समद्यांना भरा म्हणून सांगितलंय. पोरीच्या लग्नाला हुईल की. सई कुटं करू?"

अर्जदाराने त्यांना बसवून वरील मजकूर वाचून दाखवला. यंत्राला ते लई हसले. मग त्यांनी फॉर्म कोराच टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे मला एकट्यालाच का सांगताय? बाकीच्यांनी पन भरलेत की फॉर्म."

सबब, विषयात नमूद केलेली विनंती अर्जदार मागे घेत आहे. कागद वाचवण्याच्या परिपत्रकास अनुसरून नवा अर्ज लिहिलेला नाही. अर्जदार कार्यशाळेत बोलेल. सौ. वैजयंतीही येतील. अर्जदार लाजून कोठे अडला, तर पुढचे त्या सांगतील. बँकेचे टेबल आदेशाप्रमाणे दाराशीच राहू द्यावे. फक्त भाषण संपेपर्यंत तेथील मंडळींना आत, पहिल्या रांगेत बसवावे, एवढीच विनंती.

आपला आज्ञाधारक व तूर्त कोणाचाही देणेकरी नसलेला,
प्र. शं. बिराजदार
सोलापूर, दि. १२ जून २०२५

सोबत : १. ताकीदपत्राची प्रत. २. शेवटच्या हप्त्याची पावती. ३. श्री. येडू माने यांनी परत केलेला फॉर्म, कोरा.