आमच्या घराण्याची थुंकी

३ जून
दादाच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. दादाला बायपोलर. कधी आकाश ठेंगणं, कधी अंथरूण सुटत नाही. हा आजार घराण्यात कसा उतरतो यावर बाईंचा रिसर्च चालू आहे. रक्ताच्या पाच नातेवाइकांची थुंकी हवी. नळ्या माझ्याकडे दिल्या. साहजिकच. घरात डोकं ठिकाणावर असलेला मी एकटाच.
संशय: आईचं माहेर.

५ जून
बाई म्हणतात, एकच जीन नसतो. शेकडो असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. म्हणजे यांना सापडला नाही. नाचता येईना अंगण वाकडं! मी शोधतो. माझं चष्म्याचं दुकान बंद ठेवलं. हॉलच्या भिंतीवर वंशवृक्ष काढला. हॉल पुरेना, चुलत घराणं स्वयंपाकघरात नेलं. बायको म्हणाली, झोप रे जरा. वेळ कुणाला आहे?

८ जून
मामा थुंकला नाही. म्हणाला, भाच्या, आधी बस, श्वास घे. आत्याने दारच उघडलं नाही. पहाटे गेलो होतो, पण माणसं किती आळशी! आई म्हणाली, तुझे बाबाही असेच भिंती रंगवायचे. आणि रडायला लागली. उगाच विषय भरकटवते. बाबा आजारी नव्हते, उत्साही होते. अगदी माझ्यासारखे.

९ जून
सुचलं! रक्त एकच, तर थुंकी वेगळी कशी असेल? पाचही नळ्या मीच भरल्या. मामाची भरताना तोंड वाकडं केलं, आईची भरताना डोक्यावर टॉवेल घेतला. शास्त्रात अचूकपणा हवा.

१२ जून
बायको म्हणाली, आज बाईंना स्वतःला दाखव, नाहीतर मुलीला घेऊन मी माहेरी चालले. बरं झालं, नळ्या द्यायच्याच होत्या. बाईंनी नळ्या बाजूला ठेवल्या आणि मलाच न्याहाळलं. झोप किती होते, विचारलं. गोळ्या लिहून दिल्या. माझी तब्येत ठणठणीत. चिठ्ठी दादाला देईन.

१६ जून
गोळ्या घेतल्या नाहीत म्हणून बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. घर शांत. संशोधनाला उत्तम.

२१ जुलै
उठलो नाही.

२ ऑगस्ट
बाईंचा फोन. मला उचलवेना, दादाने घेतला. पाचही नळ्यांत एकच माणूस निघाला म्हणे. दादा हसला नाही. माझ्यापाशी येऊन बसला. म्हणाला, तुझ्या बायकोशी बोललोय, संध्याकाळी मुलीला घेऊन येतेय, उद्या सगळे मिळून बाईंकडे जाऊ. आज फक्त तोंड धू.
धुतलं. टॉवेल त्यानेच दिला.