तीन नंबरच्या फोटोतली रेघ

नवेगाव बांध,
१९ मार्च २०२५

ती. निर्मलाताईस लीलाधरचा सा. न. वि. वि.

सोबत पाच फोटो छापून पाठवतो आहे. मोबाइलवर रंग खोटे दिसतात, हे तुला हजारदा सांगितलं. तीन नंबरचा नीट पाहा. मोहाच्या सालीवर सालीसारखाच प्रार्थनाकीटक, लांबी अडतीस मिलिमीटर. काल संध्याकाळी पाच चाळीसला, राखीव जंगलाच्या कडेला, नाल्याकाठी. शिकलेले पाहुणे त्याच्या शेजारून निघून गेले, मला दिसला. मी कॉलेजात गेलो नाही, पण डोळा आहे. मागची रेघ कोळ्याच्या धाग्याची, तीही वहीत नोंदली आहे.

जंगलात माझ्याबरोबर फिरणारा मंगरू सोबत होताच. आमची रीत तुला ठाऊक आहे: त्याला किडा दिसला की तो शेजारी उकिडवा बसतो आणि मी पोचेपर्यंत हूं की चूं करत नाही. ते झाड यंदा उशिरा फुललं. आठवडाभरात मोह गळू लागला की तो पहाटे एकटाच तिथे वेचायला जाईल.

तुझ्या भिंगाखाली चूक सापडली तर कळव. सापडणार नाही.

तुझा,
लीलाधर

सालेकसा,
२३ मार्च

चि. लीलाधरास अनेक आशीर्वाद.

चूक सापडली. काल फोनवर तेच सांगून राहिली होती, तर तू हसून फोन कापलास. म्हणून आता लिहून राहिली.

तुझा कोळ्याचा धागा. अरे, कोळी इतका सरळ कधी विणते? आणि त्याच्याखाली दोन खुंट्या आहेत, गुडघ्याएवढ्या, सारख्या अंतरावर. मामाच्या गावी रानडुकरासाठी विजेच्या लाइनवर आकडा टाकून नंगी तार ताणत, विसरलास काय? त्या तारेला डुकराच्या आधी माणूस चिकटला होता.

सालीवरचा किडा दिसते तुले, अन् तार दिसत नाही. डोळा आहे म्हणे! फुगून बसू नको. मंगरूला सांग. त्याच्या पायात चप्पलही नसते.

काळजीत,
ताई

नवेगाव बांध,
२७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. राग आला. आज पहाटे उत्तर लिहायला बसलो, की तो धागाच आहे, जाडी अमुक इतकी. अंदाजाने आकडा मी लिहीत नाही, म्हणून मूळ फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि किड्याशी ताडून मोजला. दोन मिलिमीटर. खुंट्यांवर, करंट जमिनीत उतरू नये म्हणून, प्लॅस्टिकच्या बाटलीचे तुकडे खोवलेले होते.

मंगरूकडे मोबाइल नाही. त्याच्या घरी धावलो, तर त्याची बायको रामकली म्हणाली, आत्ताच टोपली घेऊन नाल्याकडे गेले. लाइनमनला फोन लावला, लाइन बंद कर म्हटलं, तर तो काऊन, काऊन विचारत राहिला. आयुष्यात दिली नव्हती अशी शिवी त्याला दिली आणि पळालो. मंगरूला हाका मारल्या. ओ नाही. पुन्हा मारल्या. नाही. ताई, जंगलात मी इतका आवाज कधी केला नव्हता.

तो वाटेतच उकिडवा बसला होता. तारेपासून अकरा पावलं, नंतर मोजली. माझ्यासाठी पानावरचा पतंग राखत होता, ओ दिली तर उडेल म्हणून गप्प. मलाच रागावला, की इतकं कायले ओरडता, उडाला ना!

पुढे तारेला एक डुक्कर मरून पडलं होतं, पाय ताठ. ते पाहिल्यावर त्याने माझा हात धरून मला मागे ओढलं. 

वनरक्षक आले, लाइन बंद झाल्याची खात्री करून तार गुंडाळून नेली. पतंग कोणता, ते मंगरूला सांगता येत नाही. पिवळा, एवढंच. वहीत तसंच लिहिलं. तीन नंबरच्या नोंदीतला 'कोळ्याचा धागा' खोडून 'तार' केलं आणि 'कोणी पाहिलं' या रकान्यात तुझं नाव घातलं. त्या रकान्यात आजवर दुसऱ्या कुणाचं नाव मी येऊ दिलं नव्हतं. मंगरूचंही नाही. ते सुधारायला आता मागच्या सगळ्या वह्या काढून बसलो आहे.

तुझा फोन यापुढे कापणार नाही. भिंग पुसून ठेव आणि या फुगणाऱ्या भावावर माया असू दे.

तुझा,
लीलाधर