मोरीचा दात

कर्जत, ७ ऑक्टोबर १९६८

ती. नानांस अप्पाचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुमच्या बहिणीची कंबर दुखते, पण तुमच्यावर रागावताना दुखायची थांबते. तुम्ही बोटीवरून दादरला सुखरूप परतलात हे वाचून बरे वाटले. (जिथे माणूस राहत नाही त्या बेटावर जायला तीन आठवडे समुद्र तुडवता, आणि कर्जत चार वर्षांत जमत नाही, असे उमा म्हणते. मी नाही.)

तो दात पंधरा तारखेच्या आत संग्रहालयात पोचला नाही तर तुमचे सगळे संशोधन अडेल, असे तुम्ही लिहिता. दात सुखरूप आहे. फक्त तो पाठवता येत नाही. का, ते सांगतो.

दादरची खोली बंद, म्हणून तुम्ही वाटेतल्या बंदरावरून पार्सल आमच्याकडे पाठवलेत, ते उमेने उघडले. आत तळहाताएवढा काळा त्रिकोणी दगड आणि तुमची चिठ्ठी: "मोरीचा दात. नीट ठेवा." बस्स. समुद्राचा तळ वर आला, मासा डोंगरात राहिला, त्याला लाखो वर्षे झाली, हे सगळे तुम्ही मागाहून कळवलेत. आमच्या घरात मोरी एकच. तिथे भांडी घासतात. तिच्या कठड्याचा कोपरा गणपतीत फुटला आणि पाणी चुलीपर्यंत येऊ लागले, हे उमेने तुम्हाला लिहिले होते. भावाने एवढ्या लांबून नेमका त्या मापाचा दगड पाठवला, म्हणून तिचे डोळे भरून आले. (माझ्यामुळे असे एकदाही झालेले नाही.)

त्याच दिवशी लडकू गवंडी कोपरा बांधायला आला होता. त्याने दगड उलटसुलट करून पाहिला.

"वैनी, ह्यो तं दात हाय."

"हो रे. मोरीचा."

"मोरीचाच. पन केवढी आसंल ती मोरी!"

"केवढी म्हणजे? समोर तर आहे. बसव मुकाट्याने."

त्याने बसवला. संध्याकाळी मी विचारले तेव्हा म्हणाला, "मास्तर, मोरी म्हंजे मुशी. मासा. आमी खातो. तुमच्यात मोरीला मोरीचा दात लावायची रीत आसंल, आपून कशाला बोला?" मी गेली वीस वर्षे मुलांना मराठी शिकवतो. मला हा अर्थ सुचायला हवा होता.

आता सिमेंट धरले आहे. छिन्नी लावली तर दात फुटेल. तेव्हा तुम्ही स्वतः येऊन तो काढावा, हे बरे.

आपला,
अप्पा

ता. क. शेवटचा परिच्छेद उमेने सांगितला तसा लिहिला. दात लडकूने कालच काढला. ओरखडासुद्धा नाही. तो उमेच्या ट्रंकेत आहे आणि किल्ली तिच्या कमरेला. पोस्टाने तो येणार नाही. ती रोज दुपारी दोनच्या गाडीच्या वेळेला दारात जाऊन उभी राहते आणि मला सांगते की वाळवण बघते. अंगणात वाळवण नाही. रविवारी या.

आणखी एक. मोरी हा मासा असतो हे आपल्यातल्या, मासे न शिवणाऱ्या माणसाला कुठून कळले, हा प्रश्न उमेला अजून पडलेला नाही. तुम्ही येणार हे ऐकून लडकूची बायको ठकी रविवारी मोरीचे कालवण करते आहे. त्याने दोघांना बोलावले आहे. एक तुम्ही. दुसऱ्याचे नाव उमेसमोर काढू नका.