नातीच्या बोटीवर मी

सोमवार, ४ मे, सकाळ
आणि सगळ्यांच्या आधी धक्क्यावर कोण हजर? विहीणबाई! आमच्या सुनेची आई. निघणार मी, आणि केस रंगवून आल्या या. मुलगा-सून मागून आले. नातीच्या गळ्यात पडून विहीणबाई अशा रडल्या की पेपरवाल्याने त्यांचाच फोटो काढला. त्यात माझं कोपर आलंय म्हणे.
असो. शर्यत अख्ख्या समुद्रापारची, शिडाची बोट नातीची. स्वयंपाकी ऐनवेळी आजारी पडला तेव्हा तिने दोघी आज्यांना विचारलं. विहीणबाई म्हणाल्या, विचार करून सांगते. मी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. त्याला माया लागते.
निम्म्या वाटेवर बंदर आहे, तिथे माणसं बदलता येतात. तिथून पुढेही मीच जाणार. नातीला अजून बोलले नाही, पण ठरलंय.

मंगळवार, ५ मे
पोटात काही टिकत नाही. बोट लागलेली नाही. विहीणबाईंनी धक्क्यावर दिलेली बिस्किटं बाधली.

शुक्रवार, ८ मे, किती वाजले कोण जाणे
आम्ही तिघं. नात, मी आणि चष्मिस. तो नातीचा मित्र, नकाशा बघतो. तीन तास जागायचं, तीन तास झोपायचं. बोट सदा एका कुशीवर. झोपायला दोन्ही बाजूंना फळ्या. वारा फिरला की बोट दुसऱ्या कुशीवर होते, आणि नात धावत येते, आजी ऊठ, पलीकडच्या फळीवर चल. मग जास्तीची शिडं, पाण्याचे कॅन, पिशव्या, सगळं माझ्या मागोमाग पलीकडे. दिवसातून पाच-पाच वेळा! माझ्या सोयीसाठी पोरगी अख्खं घर हलवते. विहीणबाईंची कुणी उशी तरी हलवली असेल का?

रविवार, १० मे
फोन मिळाला. आठवड्याला दोन मिनिटं. मुलाला नाही केला, विहीणबाईंना केला. म्हटलं, नुसता आराम आहे हो, झोपाळ्यात बसल्यासारखं. स्वयंपाक म्हणजे काय, पाकिटात गरम पाणी ओतायचं. ते पाणी हातावर सांडून फोड आला, ते राहिलं सांगायचं. दोन मिनिटांत काय काय सांगणार? तिकडून विहीणबाई म्हणाल्या, खरंच? जळल्या. मी कुणाचा हेवा करत नाही, पण आज झोप छान लागली.

बुधवार, १३ मे
ठरलं. उद्यापासून सुकाणू शिकायचं.

गुरुवार, १४ मे
शिकले. एक मिनिट लागलं. मग शीड फडफडलं आणि चष्मिस ओरडला, आजी, उलटं, उलटं! तेवढ्यात दोन बोटी पुढे गेल्या. वाराच वाईट होता. नात हसून म्हणाली, आजी, तू खालीच शोभतेस. शोभतेस म्हणाली! चौथीपर्यंतचं शिक्षण आज कामी आलं, लगेच लिहून ठेवलं.

रविवार, १७ मे
फोन उचलल्या उचलल्या विहीणबाई सुरू. नात वाळलीय, डोळे खोल गेलेत, शर्यतवाले टाकतात ते तिचे फोटो मी रोज बघते. मी इथे तिच्या शेजारी बसलेय, आणि वाळलेली दिसते यांना! मग मीही सांगितलं, सुकाणू धरलं, स्कूटरपेक्षा सोपं. उलट्या होत नाहीत का, त्यांनी विचारलं. म्हटलं, छे, घरच्यापेक्षा दोन घास जास्त जातात. तुम्हालासुद्धा जमेल हो.
शेवटचं कशाला बोलले कोण जाणे. माझं मनच मोठं.

बुधवार, २० मे
चष्मिसने फळी बदलण्याचं कारण सांगितलं. बोट कलली की जड ते सगळं उंच बाजूला न्यायचं, म्हणजे बोट सावरते. शिडं, कॅन, आजी. मी विचारलं, आधी कॅन की आधी मी? म्हणाला, तुम्ही. तुम्ही तीन कॅन आहात.
म्हणजे बोट माझ्यावर चालते! विहीणबाईंना सांगायला रविवार कधी उजाडतो असं झालंय.

शनिवार, २३ मे, बंदर
रविवारची वाट बघावी लागली नाही. सगळे विमानाने येऊन धक्क्यावर उभे, विहीणबाई पुढे. बोटीत उतरल्या, माझ्या फळीवर आडव्या होऊन पाहिलं, किटली उचलून पाहिली. म्हणाल्या, तुम्ही म्हणालात तसंच आहे की सगळं.
मग नातीने माझे दोन्ही हात धरले. आजी, फार सोसलंस गं. रोजच्या उलट्या, हाताची ही दशा, मला दिसत नव्हतं का? आता तू बाबांबरोबर घरी जा. पुढे छोटी आजी येते म्हणतेय. घाबरत होती, तुझे फोन ऐकून तिला धीर आला.
छोटी आजी! माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे ती. मी म्हटलं, अगं, पण वजन? जेमतेम दीड कॅन भरतील त्या. चष्मिस म्हणाला, उत्तमच, ओझं कमी झालं की बोट आणखी पळेल.
मी हसले. सगळ्यांच्या देखत अजून काय करणार? विहीणबाईंनी विचारलं, खरंच त्रास होत नाही ना? छे, म्हटलं, मुळीच नाही.
आता सगळे हॉटेलात गेलेत, मी बोटीतच, माझ्या फळीवर. मंगळवारी शर्यत पुढे सुटणार, सकाळी सातला परत येतो म्हणालेत. विहीणबाई बॅग घेऊन.