आसऱ्याला आलेली

कोथरूड, पुणे
९ नोव्हेंबर २००५

प्रिय हिंदुराव,

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र आनंदच्या हाती स्कूटरवरून थेट मांजरीला पाठवते आहे. माझ्या नवऱ्याला दारातूनच वाटेला लावू नकोस. निवृत्त माणूस आहे, पाठ दुखते त्याची.

मांजरी आता ओळखू येत नाही म्हणे. तुझा ऊस होता तिथे बारा मजले आणि पोहायचा तलाव. एम.ए.ला असताना तू घरचा गूळ कागदात बांधून आणायचास आणि सरांच्या खोलीत आपण बलुच लोकांवरून भांडायचो. त्यांची गाणी सांगतात, आम्ही सीरियातल्या हलबहून निघालो, करबलाला हुसेनच्या बाजूने लढलो. सर म्हणायचे, गाणी राहू द्या, भाषा बघा, ती कास्पियन समुद्राकडे बोट दाखवते. तिथून इराणातल्या किरमानचे डोंगर, सुलतानांच्या फौजांनी केलेल्या कत्तली, मग मकरान, मग सिंधूचा काठ. पिढ्यान्‌पिढ्या हाकलले गेलेले लोक. म्हणूनच की काय, आसऱ्याला आलेल्या माणसाला ते जिवापलीकडे जपतात. अशा माणसाला त्यांच्यात 'बाहोट' म्हणतात.

तुझी लाडकी गोष्ट तीच. गोहर नावाची उंटांची मालकीण रिंद टोळीच्या चाकरकडे आसऱ्याला आली, लाशारी टोळीच्या पोरांनी तिच्या उंटांची पिल्लं मारली आणि चाकरने तलवार उपसली. तीस वर्षं लढाई. तू कॅन्टीनच्या बाकावर उभा राहून सांगायचास. तुला त्यात शब्दाला जागणं दिसायचं. मला दिसायचं ते एवढंच, की दोन्ही टोळ्या धुळीला मिळाल्या, उरलेसुरले कोणी पंजाबात गेले, कोणी गुजरातच्या वाटेला लागले, आणि गोहरचं पुढे काय झालं याची एक ओळसुद्धा आपल्या वाचनात आली नाही. त्यावर तू म्हणालास, बायकांना भलतंच सुचतं. पुढे घरचे मानणार नाहीत म्हणून तू मला सोडलंस, तेव्हा शब्दाचं काय झालं हे मी विचारलं नाही. बौद्धाच्या मुलीने ते विचारायचं नसतं, हे मला तेवढं कळत होतं. नंतर आनंदसारखा भला माणूस मिळाला आणि राग निवला.

रविवारी तुझ्या घरून शैलावहिनींचा फोन आला. रडत होत्या. तुमची लेक अक्षता घर सोडून गेली, तुझे पुतणे तिला शोधत विश्रांतवाडीला धम्मदीपच्या घरी गेले, त्याला बाहेर ओढून गजांनी मारलं, हे सगळं त्यांनीच सांगितलं. एका कंपनीत शेजारशेजारी बसून काम करणारी दोन पोरं. तिच्या पगाराचं तू गावभर कौतुक सांगत होतास. तू स्वतः तिथे नव्हतास म्हणे. गाडी मात्र तुझी होती.

वहिनींना मी खोटं सांगितलं. अक्षता शनिवारपासून माझ्याकडेच आहे. दारात उभी राहून म्हणाली, "सत्यशीलाआत्या, मी बाहोट आहे." लहानपणी झोपवताना तू तिला हीच गोष्ट सांगायचास म्हणे, आणि गोष्टीबरोबर माझंही नाव यायचं. ते ऐकून मला रडू आलं, लपवत नाही. तुझ्या पुतण्यांना पत्ता कळला तर कळू दे. त्यांना माझं दार उघडणार नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आज पहाटे दवाखान्यात धम्मदीप वारला. त्याच्या भावाचा फोन मी घेतला, तेव्हा अक्षता झोपली होती. आता स्वयंपाकघरात त्याच्यासाठी भाताची पेज करते आहे. काल डॉक्टर म्हणाले होते, शुद्धीवर येईल. तिला मी सांगितलेलं नाही. माझ्याने सांगवत नाही, हिंदुराव. पोलिसांत मी जबाब देणार आहे, तुझ्या गाडीच्या नंबरासकट, आणि त्याला तुझी हरकत मी ऐकून घेणार नाही. पण तिला हे कोणी सांगायचं ते मी ठरवलं आहे. पुतण्यांना घरी ठेव, एकटा ये, आणि तिच्यासमोर बसून तूच सांग. रोज आनंद दवाखान्यात त्याच्या भावासाठी डबा पोचवायचा. आज पेज घेऊन मीच जाते, असं अक्षता म्हणते आहे. ती डबा भरून निघायच्या आत पोच.

वैर आलं तरी तुझीच,
सत्यशीला