भुरीची करवंटी

बाबा, आज मी घरातल्या एका मांजरीचं भांडं वेगळं केलं. चार मांजरी आहेत माझ्याकडे. त्यातली एक वाळत चालली, म्हणून डॉक्टरांकडे नेली. रक्त तपासून ते म्हणाले, हा मांजरींचा ल्युकेमिया. माणसाला लागत नाही, पण एकमेकींना चाटून, एका भांड्यात खाऊन त्यांच्यात पसरतो. हिला वेगळ्या खोलीत ठेवा, भांडं वेगळं, शीचा डबा वेगळा, बाकीच्या तिघींना तपासून लस देऊ. मी मान डोलावली. जन्मभर दवाखान्यात नर्स म्हणून लोकांना हेच दटावत आले मी. पण घरी येऊन वाटी वेगळी काढली आणि ती हातात धरून तशीच खाली बसले. नांदुऱ्याची भुरी आठवली.

तुम्ही धान्याच्या गोदामाचे चौकीदार होता, आपण गोदामाच्याच एका खोलीत राहायचो. महाराष्ट्र नुकताच झाला होता, मी सातवीत होते. उंदरांसाठी तुम्ही पाच मांजरी पाळल्या होत्या आणि पाचही जणी एकाच जर्मनच्या परातीत दूध-भाकर खायच्या. शेठ हसायचा, "मांजरीची पंगत बसवतो का बे?" तुम्ही म्हणायचात, "माह्या घरात कोनाचंच भांडं येगळं राहनार नाही." का, ते मला ठाऊक होतं. गावात मालकाच्या घरी तुमची कपबशी वळचणीला खोसलेली असायची. चहा प्यायचा, आपणच धुवायची, पुन्हा तिथंच खोसायची. धम्म घेतला त्या दिवशी तुम्ही ती काढून फोडली. ही गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितली होती की ती कपबशी मला माझीच वाटायची.

मग त्यातली भुरी आजारी पडते. हिरड्या पांढऱ्याफटक, मानेला गाठ. तुम्ही तिला पिशवीत घालून ढोरांच्या दवाखान्यात नेता. तिथले डॉक्टर म्हणतात, नाव सांगता येत नाही, पण लागणीचं दिसतं, वेगळी ठेवा. तुम्ही मागच्या कोठडीत पोतं अंथरता, नारळाची एक करवंटी घासून तिच्यापुढे ठेवता. कडी लावताना तुमचा चेहरा कसा झाला होता, ते मी पाहिलं होतं. तरी मी बोललेच. "बाबा, तुमची कपबशी बी अशीच होती ना? आता तुमीच तसं करून राह्यले?" तुम्ही कडी पुन्हा एकदा चाचपून पाहिलीत. मग म्हणालात, "बाई, ते मानसाचं होतं. हे रोगाचं हाय. समजंन तुले." तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला वाटलं, मी जिंकले. कसली मेली अक्कल ती!

दुसऱ्या दिवसापासून दुपारी तुम्ही गोदामाच्या मालासाठी स्टेशनवर गेलात की मी कडी काढायची आणि भुरीला परातीवर नेऊन बसवायची. पाचही जणी मिळून चपचप दूध प्यायच्या, एकमेकींची तोंडं चाटायच्या. तुम्ही यायच्या आत ती पुन्हा कोठडीत. मला वाटायचं, केवढं मोठं काम करतेय मी. एकदा कडी लावायची राहिली. तुम्ही विचारलंत, "काऊन वं, कडी कोनं काढली?" मी म्हटलं, "वाऱ्यानं निंघाली असंन." भुरी मरेपर्यंत, महिनाभर, हे असंच चाललं.

पुढच्या वर्षभरात बाकीच्याही एकीमागून एक वाळल्या. शेवटची काबरी तुमच्या मांडीवर गेली. तुम्ही परात घासून पालथी घातलीत आणि म्हणालात, "काय फायदा झाला येगळं ठेवून? वाचली तं एक बी नाही. भुरीले मातर मी एकटी ठेवून मारलं. मले ठेवत होते, तसंच ठेवलं तिले." मी दारातच उभी होते. तुमच्या शेवटच्या आजारपणातही तुम्ही पुन्हा भुरीचंच काढलंत. मी तुमचं अंग पुसत होते, तोवर नर्स झाले होते, सगळं कळत होतं. तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. भ्याले, दुसरं काय! तुम्ही तो डाग मनात घेऊनच गेलात.

बाबा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. तुमची करवंटी बरोबर होती. मी हात लावला नसता तर त्या चौघी कदाचित वाचल्या असत्या. आज दुपारी मी माझं ताट त्या खोलीत नेलं, दार लावून आजारी मांजरीशेजारी बसून जेवले, मग साबणानं हात धुऊन बाहेर आले. एवढं साधं तेव्हा सुचलं नाही मला. हे पत्र कुठं टाकणार? घडी करून तुमच्या चौकीदारीच्या पट्ट्याखाली ठेवते, ट्रंकेत.

भुरी एकटी नव्हती, बाबा. रोज दुपारी पंगतीला होती. आणि त्या दिवशी वारा सुटला नव्हता.