खाटेजवळचं सॉकेट

८ डिसेंबर

आबा, माझे सासरे, म्हणाले, "बाईमाणूस वायरले हात लावस का?"

लावते! शहाद्याच्या आयटीआयमध्ये दोन वर्षं काय भाकरी थापल्या?

सासूबाईंना दमा. मिरची वाळायला पडली की म्हसावदभर ठसका, आणि त्यांचा श्वास अडतो. वाफेचं मशीन आणलं, पण खाटेजवळ प्लगच नाही. एक्स्टेन्शन ओढायचं — दारातून, मोरीच्या ओल्या फरशीवरून. आज त्या उठल्या, पाय वायरीत अडकला, बोर्ड पाण्यात. ठिणगी उडाली! मी धावत जाऊन मेन पाडलं. आबा जागेवरच उभे.

खाटेजवळ सॉकेट लागणार. मी लावणार.

९ डिसेंबर

सुरतहून कुंदनचा फोन. "बोर्ड उघाडू नको. मी येस, मंग देखू." नवराच तो, येणार कधी ते सांगत नाही. आणि वायरमन तर दिवाळीपासून 'उद्या' येतोय!

१० डिसेंबर

मेन बंद. वर चिठ्ठी चिकटवली — हात लावू नये. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये बघून ठेवला होता, म्हणजे तोच बिघडलेला नाही याची खात्री. आता दिवा लागला नाही. तेव्हाच स्क्रू काढले.

टीव्हीच्या बोर्डातून वायर पुढे न्यायची. त्यावर टीव्ही नि पंखाच, वाफेचं मशीन सहज पेलेल. वायरही आधीच्याच जाडीची आणली — लाल, काळी, हिरवी.

पण हिरवी! अर्थिंगची जुनी वायर मीटरपाशी भिंतीतून बाहेर येते आणि तिथेच संपते. कशालाच जोडलेली नाही. टोकाला टेप गुंडाळलेली.

"फ्रिज चावस मले," सासूबाई कधीच्या सांगतात. घरभर हसू. चावणारच — अर्थिंग नाही, मग झटका बसणारच!

बोर्ड पुन्हा बंद केला. अर्थिंगशिवाय सॉकेट लावणार नाही. आबा खूश — "सांगेल व्हतं ना!"

हरले नाही. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणणार.

११ डिसेंबर

अंगणात पहार घातली. शेजारच्या बायका कठड्याला. एक म्हणाली, "सून घर पाडी ऱ्हायनी का?" म्हटलं, पाडलं तर तुमच्याकडेच राहायला येईन.

जमीन दगडी. हाताला फोड. तेवढ्यात खाटेवरून सासूबाई कडाडल्या, आबांवर — "उभा काय ऱ्हायनात? ती खंदी ऱ्हायनी नि तुम्ही देखी ऱ्हायनात!"

आबांनी पहार ओढून घेतली. संध्याकाळपर्यंत पाइप उभा, भोवती कोळसा नि मीठ.

१३ डिसेंबर

लागलं! अर्थिंग जोडलं, तपासायचा बल्ब लख्ख पेटला. सॉकेट खाटेच्या उशाशी, फरशीपासून उंच. वायर पट्टीत बंद, एक इंच उघडी नाही.

सासूबाईंनी बटण स्वतः दाबलं. वाफ घेताना डोळे मिटून बसल्या होत्या. छाती शांत वर-खाली. मी नुसती बघत राहिले.

१९ डिसेंबर

कुंदन आला. बॅग खाली न ठेवता आधी मीटरपाशी गेला. मग माझ्याकडे न बघता — "जुनी वायरिंग मन्हाच हातनी शे. लगीनना पहिले करेल. अर्थिंग म्हंजे काय, मले माहीतच नव्हतं. तू उघाडशी नि देखशी, त्यानंच भ्याव व्हतं."

उद्या मागच्या खोलीचा बोर्ड उघडायचा. त्याला म्हटलं, शेजारी बस, शिक. स्क्रूड्रायव्हर मात्र माझ्या हातात राहील.